पन्नास पावलांवरचं मेडिकल

रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीत आमच्या घरापासून पन्नास पावलांवर एक मेडिकल आहे. मी मोजली आहेत. तरी दोन वर्षं मी बायकोच्या गोळ्या आणायला रोह्याहून गाडीत बसून पेणला जात होतो, आणि हे शेजारीपाजारी मोठ्या तोऱ्यात सांगतही होतो. कोणी विचारलं, इथे मिळत नाहीत का हो गोळ्या, तर मी म्हणायचो, मिळतात, पण माणूस मिळत नाही.

मी गुणाजी. पेणच्या डेपोत एकतीस वर्षं एस.टी. चालवली. माझं गाव आतल्या बाजूचं, भाताचं आणि वालाचं. बायको पुतळी मात्र खारेपाटातली, कासूच्या पलीकडे खाडीकाठच्या गावची. तिच्या माहेरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबणारी. लग्नानंतर आम्ही पेणच्या रामवाडीत बिऱ्हाड केलं ते मी निवृत्त होईपर्यंत. मग मुलगा शिवा म्हणाला, तिथे दोघंच कशाला राहता, इकडे या. तो धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, आणि अष्टमीत त्याने जागा घेतली आहे. आम्ही आलो. भांडीकुंडी, गाद्या, पुतळीची तुळस, सगळं टेम्पोतून आलं. मेडिकलवाला तेवढा रामवाडीत राहिला.

त्याचं नाव बाबाजीशेठ. पुतळीला ब्लडप्रेशर निघालं तेव्हापासून तिच्या गोळ्या त्याच्याकडून. पुतळीला वाचता येत नाही, म्हणून तो सकाळच्या गोळ्यांना लाल रबर लावायचा आणि संध्याकाळच्यांना पिवळं. मी दुकानासमोर उभा राहिलो की तो मान वर न करता खणात हात घालायचा आणि पुडा पुढे सरकवायचा. चिठ्ठी मागणं नाही, चौकशी नाही. इतक्या वर्षांत त्याने मला एकच प्रश्न विचारला असेल, तोही अलिबागची गाडी किती वाजता सुटते हा. मला वाटायचं, मेडिकलवाला असावा तर असा.

अष्टमीच्या मेडिकलवर शकू बसते. पस्तिशीची बाई, केस घट्ट बांधलेले, नाकावर जाड चष्मा. तिचं सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगलेलं आहे. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात मी तिच्याकडे गेलो, गोळ्यांचं रिकामं पाकीट पुढे केलं आणि म्हणालो, हे द्या. तिने चिठ्ठी मागितली. मी म्हणालो, घरी आहे. ती म्हणाली, मग घेऊन या, मी आहे इथेच. आणि वर विचारायला सुरुवात केली. कोणासाठी, वय काय, आणखी काय चालू आहे, चक्कर येते का, पाय सुजतात का. माझ्यामागे तीन माणसं उभी. माझ्या बायकोच्या पायांची अशी चारचौघांत चौकशी मला खपली नाही. मी म्हणालो, बाई, मी गोळ्या घ्यायला आलोय, सोयरीक जुळवायला नाही. मागची माणसं हसली. ती हसली नाही आणि चिडलीही नाही. पाकीट माझ्या हातात ठेवून म्हणाली, चिठ्ठी तेवढी आणा काका.

त्यानंतर मी ती पायरी चढलो नाही. दुकानावरून जाताना समोरच्या भिंतीकडे बघत जायचो. ती आपली आतून मान हलवायची, आणि त्याने मला जास्तच राग यायचा.

तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी दिव्याला जाणारी रेल्वेगाडी धरायचो. एस.टी.चा माणूस रेल्वेने जातो म्हणून डेपोतले जुने सोबती मला चिडवायचे. पण महामार्गाची जी दशा झाली होती ती पाहून मी गप्प बसायचो. पेणला उतरायचं, रिक्षाने रामवाडी, बाबाजीकडून पुडा, डेपोच्या कँटीनमध्ये चहा, आणि परतीची गाडी. या परतीच्या वाटेवर कासू लागतं. तिथे गाडी मिनिटभर थांबते. तेवढ्या मिनिटात माझा मेव्हणा काळुराम फलाटावर उभा असायचा. मी आदल्या दिवशी फोन केलेला असायचा, तो माझा डबा बरोबर ओळखायचा आणि दारातून एक कापडी पिशवी माझ्या हातात द्यायचा. पिशवीत दोन किलो मीठ. आगरातलं, म्हणजे मिठागरातलं, जाडं, अजून ओलसर. काळुराम बहिणीला बाय म्हणतो. सांगायचा, "बायला सांगा, यंदा दाना चांगला पडलाय." एवढं बोलेपर्यंत गाडी हलायची.

हे मीठ कशाला, ते आता सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

रोह्याच्या डॉक्टरांनी पुतळीला तपासलं तेव्हा तिचे पाय घोट्यापाशी सुजायला लागले होते. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, त्यात एक पाण्याची गोळी, म्हणजे अंगातलं साचलेलं पाणी काढणारी. आणि म्हणाले, मीठ बंद. मी घरी आलो आणि पुतळीच्या जेवणातून पाकिटातलं मीठ बंद केलं. अगदी कडक. बारीक, पांढरंशुभ्र, कुठल्या कारखान्यात काय घालून केलेलं असतं देव जाणे, तेच बाधणार, हे मला कोणी सांगायची गरज वाटली नाही. तिच्यासाठी मी तिच्या घरचं मीठ आणायला लागलो. सूर्याच्या उन्हात, खाडीच्या पाण्यातून, तिच्या भावाने स्वतः आगरातून ओढून काढलेलं. ज्या मिठावर ती लहानाची मोठी झाली ते तिला काय करणार, असा माझा हिशोब.

सून सरू एकदा म्हणाली होती, "मामंजी, मीठ म्हणजे सगळंच मीठ बंद असेल ना?" मी तिला म्हणालो, तू बारावी शिकलीस म्हणून डॉक्टर झालीस का. पोरीने पुन्हा विषय काढला नाही. ती बिचारी माझ्या हुकमाप्रमाणे सासूचं कालवण वेगळ्या टोपात करायची आणि त्यात आगरातलं मीठ घालायची. जाडं मीठ चमच्याने मोजता येत नाही, चिमटीने घालावं लागतं, आणि चिमटी हाताला येईल तशी.

डॉक्टर दर वेळी विचारायचे, मीठ बंद आहे ना? मी छातीला हात लावून सांगायचो, एक दाणा नाही. मी खोटं बोलत नव्हतो.

सूज मात्र उतरेना. घोट्यावरून पोटरीवर आली. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. चपला पायात शिरेनात म्हणून पुतळी शिवाच्या जुन्या रबरी सपाता घालायला लागली. जिना चढताना दोनदा थांबायची. डॉक्टरांनी एकदा गोळ्या वाढवल्या, मग पुन्हा वाढवल्या; चिठ्ठी बदलली की मी ती बाबाजीला तेवढी वाचून दाखवायचो. तिसऱ्यांदा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, एवढ्या गोळ्यांनी उतरायला हवी होती. नवी चिठ्ठी देतो, पंधरा दिवस बघू. नाहीतर पनवेलला दाखल करून सगळ्या तपासण्या कराव्या लागतील, मग मी इथे हात लावणार नाही.

पूल ओलांडताना पुतळी कठड्याला धरून चालत होती. मला तिच्या मनातलं कळत होतं. तिची आई बायजाबाई अशीच सुजलेल्या पायांनी मुंबईच्या इस्पितळात गेली होती, ती परत आली नाही. घरी आल्यावर पुतळी कॉटवर बसली आणि म्हणाली, "मना पनवेलला नका नेऊ. काय व्हायचं ते हितंच होऊ दे." मी तिला म्हणालो, कोण नेतंय तुला, पंधरा दिवस आहेत अजून. पण बोलताना माझं मलाच खरं वाटत नव्हतं. मी फार घाबरलो होतो.

दुसऱ्याच दिवशी नवी चिठ्ठी खिशात घालून मी पेणला गेलो. घरातल्या गोळ्या त्या रात्रीपुरत्याच उरल्या होत्या. रामवाडीत पोचलो तर बाबाजीचं शटर खाली. शेजारचा केरू सलूनवाला म्हणाला, शेठने दुकान बंद केलं, कायमचं. डोळ्यांना दिसेनासं झालं होतं त्याला, गेली दोन वर्षं अंदाजानेच पुड्या द्यायचा, शेवटी मुलगी येऊन ठाण्याला घेऊन गेली. केरूने हे सहज सांगितलं, कात्री चालवता चालवता. मी मात्र त्या बंद शटरसमोर उभा राहिलो. म्हणजे तो मान वर का करत नव्हता, ते मला आता कळत होतं. जवळच्या दुसऱ्या मेडिकलात चिठ्ठी दाखवली, तर त्यातली एक गोळी नव्हती, संध्याकाळी मागवून देतो म्हणाले. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर परतीची गाडी गेली असती.

तशीच गाडी पकडली. चहाही घेतला नाही. कासूला काळुराम होताच, पिशवी घेऊन. त्याने मीठ दिलं, यंदाचा दाणा मागच्यापेक्षा मोठा पडलाय म्हणाला, बाय बरी हाय ना, असं विचारलं. मी हो म्हणालो. गाडी हलली.

अष्टमीत रिक्षा आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा चार वाजले होते. एका हातात मिठाची पिशवी, खिशात चिठ्ठी, आणि घरी उद्याच्याला गोळी नाही. मी समोरच्या भिंतीकडे न बघता मेडिकलची पायरी चढलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कोणी नव्हतं. शकूने मान वर केली आणि म्हणाली, या काका. दोन वर्षांपूर्वीचं काही झालंच नाही अशा आवाजात.

मी पिशवी काउंटरवर ठेवली आणि चिठ्ठी पुढे केली. तिने ती वाचली, पुन्हा वाचली. मग विचारायला लागली. या वेळी मी सगळ्याला उत्तर दिलं. सूज कुठवर आहे, दम कधी लागतो, आधीची चिठ्ठी काय होती, गोळ्या कधी आणि कशाबरोबर घेते. पनवेलचंही सांगितलं. ती एका कागदावर लिहून घेत होती. बाबाजीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही दाखवली, तर म्हणाली, गोळ्या बरोबरच आहेत. तिला काहीतरी जुळत नव्हतं, कारण ती तो कागद आणि नवी चिठ्ठी शेजारी ठेवून बघत राहिली. मग तिचा हात पिशवीला लागला. कापड ओलं होतं आणि काचेवर आठदहा दाणे सांडले होते. तिने एक दाणा उचलला.

"काका, हे काय आहे?"

"मीठ. आमच्या मेव्हण्याच्या आगरातलं."

"घरी सगळे हेच खातात?"

"छे. सगळ्यांना पाकिटातलं. हे फक्त हिच्यासाठी. डॉक्टरनं पाकिटातलं बंद केलंय ना."

तिने पेन खाली ठेवलं. डॉक्टरांनी जसं ठेवलं होतं तसंच. मला वाटलं आता ही मला धुऊन काढणार, आणि मी मनातल्या मनात उत्तर जुळवायला घेतलं. पण ती काउंटरची फळी उचलून बाहेर आली, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली आणि मलाही बसायला सांगितलं.

"काका, नीट आठवून सांगा. डॉक्टर पाकिटातलं मीठ म्हणाले, की नुसतं मीठ?"

मी आठवून पाहिलं. एकतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला रस्ता आठवतो तसा तो दवाखाना मला आठवला, टेबल, पंखा, डॉक्टरांचं तोंड. "नुसतं मीठ म्हणाले," मी सांगितलं.

"पाकिटातलं काय आणि आगरातलं काय, अंगात गेल्यावर दोन्ही सारखंच पाणी धरून ठेवतं. मावशी गोळी घेतात ती पाणी काढायला, आणि हे मीठ ते पाणी परत भरतं. म्हणून सूज उतरत नाहीये." हे ती हळू आवाजात म्हणाली. दुकानात कोणी नसतानाही हळू.

पिशवी काउंटरवर होती, मी तिच्याकडे बघत होतो. दर महिन्याला फलाटावरून आणलेल्या त्या पिशव्या मला आठवल्या, प्रत्येक पिशवी मी घरात कशी मिरवत नेली तेही आठवलं. सरूला काय बोललो तेही. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. मी तिला विचारलं, फार उशीर झाला का. ती म्हणाली, तसं नाही वाटत, पण आजच्या आज डॉक्टरांना सांगायला हवं. आणि आणखी एक गोष्ट समजावली, जी मला कधीच सुचली नसती. गोळ्या दोनदा वाढवलेल्या आहेत. आता मीठ एकदम थांबलं तर त्याच गोळ्या जड होतील, प्रेशर खाली जाईल, मावशी चक्कर येऊन पडतील. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही नवी चिठ्ठी ती पुरी देणार नव्हती.

तिने माझ्यासमोरच दवाखान्यात फोन लावला. पलीकडून डॉक्टरांनी काय घ्यायचं ते सांगितलं आणि सकाळी दहाला पुतळीला घेऊन यायला सांगितलं. शकूने दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या. मी म्हणालो, हिला वाचता येत नाही. ती म्हणाली, मग आधी कसं करत होता? मी लाल आणि पिवळ्या रबराचं सांगितलं. तिने खणात शोधलं, पिवळं रबर सापडलं, लाल सापडलं नाही, म्हणून स्वतःच्या पर्समधलं केसाचं लाल रबर काढून लावलं.

घरी आलो तेव्हा पुतळी कॉटवर पाय वर घेऊन बसली होती. मी पिशवी जमिनीवर ठेवली आणि जे होतं ते सगळं सांगून टाकलं. बाबाजीचं शटर, शकू, फोन, आणि मीठ. सांगताना माझा आवाज चढत गेला, माझा स्वभावच तसा, चूक माझी असली की मी जास्त ओरडतो. पुतळीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मना ठावं व्हतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, काय ठाऊक होतं?

"आगरावर वाढली मी. मीठ ते मीठच, त्याला काय घरचं न्‌ बाहेरचं. वाटायचं, एवढ्याशानं काय व्हतं. तुमी एवढ्या लांबून आणायचं. पिशवी सोडली का काळूच्या हाताचा, खाडीचा वास यायचा. आन्‌ तुमच्या तोंडावर एवढं समाधान असायचं, कसं बोलू मी?"

मला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग कसलाच राग उरला नाही. मी तिच्यासाठी इतका धावत होतो आणि ती माझ्यासाठी ते खात होती. मी खाली बसलो आणि तिच्या पायावर हात ठेवला. पाय गार होता, कातडी ताणून चकाकत होती. दारात सरू उभी होती. मी तिला म्हणालो, तू बरोबर होतीस गो. ती म्हणाली, चहा ठेवू का मामंजी.

सकाळी डॉक्टरांनी गोळ्या कमी करून दिल्या आणि पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात अळणी जेवणाचे गेले. मीही पुतळीबरोबर अळणीच जेवणार असं जाहीर करून टाकलं. वालाची उसळ मिठाशिवाय काय लागते हे ज्याने खाल्ली त्यालाच माहीत. पाचव्या दिवशी पुतळीनेच माझ्या वाटीत मीठ टाकलं आणि म्हणाली, तुमचं तोंड बघवत नाय. शकूने आमसूल, लिंबू, मिरची, लसूण असं वापरायला सांगितलं होतं, त्यावर तिचं बरं चाललं. शिवाने कुठूनतरी कमी सोडियमच्या मिठाचं पाकीट आणलं, आजारी माणसांसाठीचं म्हणून. मी ते घरात उघडू दिलं नाही, आधी पन्नास पावलं चालत जाऊन विचारून आलो. शकू म्हणाली, मावशींच्या गोळ्यांबरोबर हे नको, यातला दुसरा क्षार, पोटॅशियम, त्यांना बाधेल. आणलेलं पाकीट शिवाने परत केलं.

आठव्या दिवशी सूज पोटरीवरून उतरली. बाराव्या दिवशी पुतळीने कपाटाखालून तिच्या जुन्या चपला काढल्या, पाय घालून पाहिला, आणि त्याच घालून दवाखान्यात आली. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, प्रेशर घेतलं, एक गोळी बंद केली आणि पनवेलचं नाव काढलं नाही. पुलावर ती मधेच थांबली. मला वाटलं दम लागला. ती खाली कुंडलिका नदीकडे बघत होती. म्हणाली, किती पाणी हाय गो बाय हितं.

राहिला काळुराम. मी म्हणालो, फोन करून सांगतो त्याला, आता मीठ आणू नको. पुतळीने मला थांबवलं. तिचं म्हणणं, माहेरच्या वस्तूला नको म्हणायचं तर समोर बसून म्हणायला हवं, फोनवर नाही. आणि आता तिला जिना चढवत होता, तेव्हा जायचंच असं तिने ठरवलं. चैत्रात आम्ही दोघं गाडीने कासूला गेलो. काळुराम फलाटावर होता, पण या वेळी रिकाम्या हाताने, बहिणीला घ्यायला आला होता.

आगरावर मीठ ओढायचं काम जोरात होतं. बांधावर पांढरे ढीग पडले होते. पुतळी बांधाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. खाली वाकून तिने एक खडा उचलला, हाताच्या तळव्यावर फिरवला आणि परत ढिगावर ठेवला. मी दुसरीकडे बघितलं.

जेवणं झाली. सीताबाईने, म्हणजे काळुरामच्या बायकोने, पुतळीने गेल्यागेल्या चुलीपाशी सांगितलं म्हणून नणंदेसाठी वेगळं अळणी कालवण केलं होतं. पुतळीने भावाला समोर बसवून सगळं सांगितलं. काळुराम ऐकत होता, पण निघायची वेळ झाली तशी सीताबाई सुपात भरून घेऊन आली. सुकट, सुके बोंबील, आणि कोपऱ्यात मिठाची पुरचुंडी. बहीण माहेराहून रिकाम्या हाताने जात नाही, ही त्यांची रीत. पुतळी म्हणाली, वयनी, ह्यातलं मना काय चालत नाय. सीताबाई सूप घेऊन तशीच उभी राहिली. घरात दुसरं होतं काय? खारेपाटात जे पिकतं आणि जे सुकतं ते सगळं खारटच.

काळुराम उठून ओटीवर पाठ फिरवून बसला. त्याला राग आला होता का वाईट वाटलं होतं, सांगता येत नाही. गाडीची वेळ होत आली होती आणि मी सारखा घड्याळ बघत होतो. मग तो एकदम उठला, मागच्या दारी गेला, एक मोठी बाटली घेतली आणि बांधावरून चालत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा बाटली भरलेली होती.

त्या गावात विहिरीचं पाणीही खारं लागतं. पावसाचं साठलेलं एकच तळं आहे, आणि चैत्रात त्याचा तळ दिसायला लागतो. बायका हंडाभर पाण्यासाठी सकाळपासून नंबर लावतात. काळुरामने बाटली बहिणीच्या हातात दिली.

"घे गो बाय. ह्यात मीठ नाय."

पुतळी रडली. मीही रडलो, सांगायला लाज कसली. रोह्यात आमच्याकडे नळ सोडला की बादली उतू जाते, आणि आम्ही खारेपाटातून पाणी घेऊन चाललो होतो. गाडीत तिने ती बाटली सगळा वेळ मांडीवर धरली, मी मागितली तरी दिली नाही.

अष्टमीत रिक्षा गल्लीत वळली तेव्हा तिने रिक्षावाल्याला घराच्या आधीच थांबायला सांगितलं. मेडिकलची पायरी ती माझ्या आधी चढली, आपल्या जुन्या चपलांनी. बाटली काउंटरवर ठेवली.

"शकू, हे मना चालंल का?"

शकूने बाटली उजेडासमोर धरली. पाण्याला हिरवट झाक होती आणि खाली थोडा गाळ बसला होता. तिने विचारलं, कुठलं पाणी. पुतळीने सांगितलं, म्हायेरचं. शकूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तळ्याचं, पावसाचं साठलेलं. आता विचारायचं तिने आणि उत्तर द्यायचं आम्ही, हे माझ्या अंगवळणी पडलं होतं.

"चालेल मावशी," ती म्हणाली. "फडक्यातून गाळून घ्या आणि वीस मिनिटं उकळा."

मी म्हणालो, दहा चालणार नाहीत का, अर्धं आटून जाईल. ती म्हणाली, वीस.

घरी येऊन मी स्वतः पाणी गाळलं, घड्याळ समोर ठेवून वीस मिनिटं उकळलं आणि निवायला खिडकीत ठेवलं. निवल्यावर पुतळीला पेलाभर दिलं. तिने संध्याकाळची गोळी घेतली, लाल रबराच्या शेजारची, पिवळ्यातली, आणि त्यावर ते पाणी प्यायली. घोट तोंडात थोडा वेळ धरून ठेवला.

"गोडं हाय," ती म्हणाली, आणि उरलेला अर्धा पेला माझ्या हातात दिला.